उसनं विरजण

शनिवार पेठेत सोसायटीच्या सभेला गप्प बसणारा माणूस एकतर भाडेकरू असतो, नाहीतर कुणाचा तरी जावई. मी दोन्ही नसल्यामुळे बोललो. मुद्दल तेवढंच. पुढचे दोन महिने फेडत होतो ते त्यावरचं व्याज.

गोष्ट २००९ च्या डिसेंबरातली. मेहुणपुऱ्यातला आमचा वाडा पाडून त्या जागी तीन मजली इमारत झाली होती. माणसं तीच. वाड्यात आडवी राहायची, ती आता उभी रचली होती. त्यामुळे भांडणांना जिना चढावा लागे, एवढाच फरक. सभेपुढचा विषय होता गच्चीवरची टाकी. सकाळी मोटार लावायची आणि टाकी भरली की बंद करायची, ह्या दोन कामांपैकी पहिलं सगळ्यांना आठवायचं, दुसरं कुणालाच नाही. मग टाकी वाहायची. पाणी पन्हाळीतून थेट तळमजल्याच्या अंगणात, आणि अंगणात तळमजल्यावरचे काका पेपर वाचत बसलेले. एका महिन्यात त्यांचा अग्रलेख तीनदा भिजला होता.

"तुम्ही कम्प्युटरमधले ना?" सेक्रेटरी माझ्याकडे वळले. ते निवृत्त लेखापरीक्षक. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला शेपटीसारखा एक उपप्रश्न असे. "टाकी भरली की घंटा वाजेल असं काही करता येईल का? आणि खर्च किती?"

इथे शहाण्या माणसानं 'बघतो' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "त्यात काय करायचंय! अकरा ओळींचा प्रोग्रॅम. पंधरा दिवसांत देतो. खर्च शून्य."

'शून्य' हा आकडा इतिवृत्तात अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहिला गेला.

शून्यामागे माझा एक हिशोब होता. आमच्या माळ्यावर ब्रॉडबँडचा जुना मोडेम पडला होता. पेठेत वस्तू मरत नाही, ती माळ्यावर निवृत्त होते. त्या मोडेमच्या पोटात एक लहानसा प्रोसेसर होता आणि त्यावर चक्क लिनक्स चालत असे. म्हणजे तो अख्खा संगणकच होता. फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. टाकीत तरंगणारा गोळा, गोळ्याला दोन तारा, तारा मोडेमला आणि मोडेमला घंटा. झालं.

अडचण एकच. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल घराण्यातला, मोडेमचा मिप्स घराण्यातला. दोघांची यंत्रभाषा वेगळी. एकाच्या भाषेत तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्याला अगम्य. बरं, मोडेमवरच प्रोग्रॅम तयार करावा, तर त्याची मेमरी १६ मेगाबाइट आणि साठवणीची जागा ४. प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवून देणारा कम्पायलर तिथे उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नसता.

अशा वेळी लागतो क्रॉस-कम्पायलर. पेशव्यांच्या दफ्तरात चिटणीस मराठीत पत्रं लिहायचे आणि पारसनीस फारशीत. पारसनीस बसायचा पुण्यात, पण त्याचं पत्र उघडलं जायचं दिल्लीत नाहीतर हैदराबादेत. क्रॉस-कम्पायलर म्हणजे हा पारसनीस. चालतो इंटेलवर, लिहितो मिप्ससाठी. त्याच्या जोडीला शब्दांचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेम्ब्लर, तुकडे जोडणारा लिंकर, नेहमी लागणारी कामं तयार ठेवणारी सी लायब्ररी, असं सगळं कचेरीतलं मंडळ लागतं. ह्या मंडळाला टूलचेन म्हणतात.

आता हे मंडळ तयार मिळत होतं. माझ्या मोडेमच्या जातीची टूलचेन वीस मिनिटांत फुकट उतरवून घेता आली असती. पण तयार आणलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा कसा? चकल्या विकत आणणाऱ्या घराकडे आमच्या जिन्यात कोणत्या नजरेनं बघतात, ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. मी ठरवलं, पारसनीस घरीच घडवायचा. मुळापासून.

शिवाय पुण्याला ह्या कामाची परंपरा आहे, असंही मी स्वतःला बजावलं. आणि ते काही खोटं नव्हतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला, तेव्हा मी कॉलेजात होतो. तो चालायचा ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश प्रोसेसरांवर. पुढे ८६०० आला तो इंटेलच्या आय-८६० वर, ९००० स्पार्कवर, 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर-४ वर आणि २००८ चा 'परम युवा' पुन्हा इंटेलवर. आडनाव एकच, पण जवळजवळ प्रत्येक भावाची मातृभाषा निराळी.

त्याहून जवळचं उदाहरण हिंजवडीत होतं. केपीआयटी कमिन्सची मंडळी नेमकं हेच काम धंदा म्हणून करत होती. जपानी एसएच आणि एच-८ प्रोसेसरांसाठी ती जीसीसी ह्या फुकट कम्पायलरच्या टूलचेन बांधायची, जगभरच्या इंजिनिअरांना फुकट द्यायची आणि अडल्यानडल्याला मदतही करायची. सेगाच्या ड्रीमकास्ट ह्या खेळयंत्रात एसएच-४ होता, आणि लेगोच्या माइंडस्टॉर्म्समधल्या त्या पिवळ्या विटेत एच-८. अशा प्रोसेसरांशी बोलायची भाषा पुण्यात घडत होती. आणि ती घडवणारी कंपनी निघाली होती कीर्तने आणि पंडित ह्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या पेढीतून. जमाखर्चवाल्यांच्या घरी हे जमतं, तर मी मुळातलाच कम्प्युटरवाला! हा युक्तिवाद मी सेक्रेटरींना ऐकवला. लेखापरीक्षक असल्यामुळे त्यांना त्याचा पहिला अर्धा भाग फार आवडला.

हिंजवडीकरांकडे माणसं होती, अनुभव होता. माझ्याकडे आयआयटी मुंबईच्या प्रा. धामधेऱ्यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पाठ्यपुस्तक होतं. तेही परीक्षेच्या आदल्या रात्री खुणा केलेल्या पानांपुरतं वाचलेलं.

पहिल्या रात्री काम सुरू केलं तेव्हा आई पाणी प्यायला उठली होती.

"काय चाललंय एवढ्या रात्री?"

"कम्पायलर बांधतोय."

"कशानं?"

"कम्पायलरनं."

आईनं तांब्या खाली ठेवला. "म्हणजे विरजण आहे घरात. मग दही लावायला रात्र कशाला जागायला हवी?"

इतकी वर्षं ज्या गोष्टीला मी 'बूटस्ट्रॅपिंग' म्हणत आलोय तिला शब्द होता, आणि तो आमच्या फडताळात होता. दही करायला दही लागतं. कम्पायलर करायला कम्पायलर लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी जगापुढे ठेवलं, तेही आधीच्या कुणाच्या तरी कम्पायलरच्या विरजणावर लागलेलं. केन टॉम्प्सन यांनी १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात तर सांगून ठेवलं की विरजणातच कुणी खोड लपवून ठेवली, तर ती पुढच्या प्रत्येक दह्यात उतरेल, आणि कृतीची वही कितीही तपासली तरी सापडणार नाही. आईला हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर विरजण घर बघून मागावं."

पण माझं दही एका रात्रीत लागणारं नव्हतं. पूर्ण जीसीसी बांधायला मिप्सची सी लायब्ररी हाताशी लागते. सी लायब्ररी बांधायला मिप्ससाठी लिहिणारं जीसीसी लागतं. लग्नाशिवाय खोली मिळत नाही आणि खोलीशिवाय लग्न जमत नाही, त्यातला प्रकार. तोड अशी की आधी असेम्ब्लर आणि लिंकर बांधायचे, मग एक अर्धकच्चं जीसीसी, ज्याला सी लायब्ररीची गरजच नाही. मग लिनक्सच्या गाभ्यातून हेडर फायली काढून घ्यायच्या, कच्च्या जीसीसीनं लायब्ररी बांधायची, आणि त्या लायब्ररीच्या जोरावर जीसीसी पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. कच्चं फेकून द्यायचं. आणि ह्या सगळ्याच्या आधी जीएमपी आणि एमपीएफआर ह्या दोन गणिती लायब्ररी घालायच्या. त्यांच्याशिवाय जीसीसी पानावर बसत नाही.

मग ज्याच्यासाठी लिहायचं त्याचा पत्ता द्यावा लागतो. 'मिप्स-अननोन-लिनक्स-गनू' असा तो चारपदरी पत्ता. प्रोसेसर कोणता, बनवला कुणी, गाभा कोणता, लायब्ररी कोणती. बनवणाऱ्याच्या जागी 'अननोन' खुशाल चालतं. शनिवार पेठेत हे पचायला जड. इथे वीर मारुतीपासून वर्तक बागेपर्यंत चालत जाताना तीन माणसं 'तुम्ही कुठले' विचारतात आणि चौथा तुमच्या आजोबांना ओळखत असतो.

सी लायब्ररी म्हणून मी जीलिबसी घेतली. ती उघडून बघतो तर मुख्य गठ्ठ्यात मिप्सचा पत्ताच नाही. मिप्स, एआरएम ही मंडळी त्या काळी 'पोर्ट्स' नावाच्या वेगळ्या पुरवणीत ठेवलेली असत. ती पुरवणी आणून शेजारी जोडायची. मला त्यात वावगं वाटलं नाही. पेठेतले आणि पेठेबाहेरचे हा भेद मला आईच्या दुधातून मिळाला होता.

तीन रात्री लॅपटॉप चालला. त्याचा पंखा इतका घोंघावायचा की तळमजल्यावरच्या काकूंना वाटलं, आम्ही पिठाची गिरणी आणली. ओंकारेश्वराच्या बाजूनं, नदीवरून येणारा डिसेंबरचा गारठा, आणि त्यात माझ्या टेबलापाशी मात्र कोमट, उबदार वारा. आईच्या ते लक्षात आलं. थंडीत दही लागत नाही म्हणून ती पातेलं एरवी गव्हाच्या डब्यात पुरून ठेवायची. दुसऱ्या रात्री ते पातेलं झाकण घालून लॅपटॉपच्या डाव्या झरोक्यापाशी आलं. सकाळी बिल्ड अडकलेलं होतं. कुठल्याशा फाइलच्या नावात मी एक आडवी रेघ कमी दिली होती. दही मात्र सुरीनं कापावं असं लागलं होतं.

चौथ्या दिवशी टूलचेन तयार झाली. अकरा ओळींचा प्रोग्रॅम मी तिच्यातून काढला. लायब्ररी पोटात घेतल्यामुळे तो पाऊण मेगाबाइटाच्या आसपास फुगला होता. अकरा ओळींच्या चिठ्ठीबरोबर अख्खं दफ्तर पाठवावं, तसा. मोडेमवर चढवला, नाव टाईप केलं, एंटर दाबलं.

मोडेम म्हणाला: 'लाइन वन, सिन्टॅक्स एरर'.

पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक! ती कुठली म्हणून बघावं, तर एक कंस. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो कंस नव्हताच. दोन दिवसांनी उलगडा झाला. मोडेमला ती यंत्रभाषा आपली वाटलीच नाही. मग त्यातल्या कवच-प्रोग्रॅमनं समजूत करून घेतली की ही साधी लेखी आज्ञा असावी, आणि ती बाराखडीसारखी वाचायला घेतली. पहिल्या ओळीतच त्याला नको तिथे कंस दिसला. समोरच्याचं म्हणणं कळलं नाही की त्याच्या शुद्धलेखनावर बोट ठेवायचं, ही रीत मोडेमनं कुठून उचलली, हे मी सांगायला नको. इतके दिवस तो आमच्याच माळ्यावर होता.

चूक होती दोन अक्षरांची. मिप्स प्रोसेसर दोन प्रकारचे. काही मोठ्या आकड्याचा भारदस्त भाग आधी मांडतात, ते बिग-एंडियन. काही हलका भाग आधी मांडतात, ते लिटल-एंडियन; त्यांना 'मिप्सएल' म्हणतात. माझा मोडेम पहिल्या प्रकारचा. मी पत्त्यात हौसेनं 'एल' लावला होता, कारण ज्या टिपणावरून उतरवून घेत होतो त्यात तो होता. ही नावं आली गलिव्हरच्या गोष्टीतल्या लिलिपुटवासीयांवरून. अंडं मोठ्या टोकाकडून फोडावं की लहान, ह्यावर त्यांच्या लढाया होतात. डॅनी कोहेन नावाच्या शास्त्रज्ञानं १ एप्रिल १९८० ह्या दिवशी एक निबंध लिहून ती प्रोसेसरांच्या भांडणाला चिकटवली. तारीख मुद्दाम निवडली असावी.

पण अंडं कशाला? आपण मराठी माणसं लिहितो '२५', त्यात वीस आधी. आणि म्हणतो 'पंचवीस', त्यात पाच आधी. म्हणजे लिहिण्यात बिग-एंडियन आणि बोलण्यात लिटल-एंडियन. पुढे २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात मुलांना सोपं जावं म्हणून 'वीस पाच' अशी वाचायची पद्धत दिली, तेव्हा उभ्या महाराष्ट्रात काय रण माजलं ते आठवा. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, आणि विधानसभेपासून कट्ट्यापर्यंत सगळे लिलिपुटवासी आपापलं अंडं घेऊन उभे होते. मी तेव्हा कुणाच्याच बाजूनं बोललो नाही. त्या दोन टोकांमध्ये माझे चार दिवस आधीच फुटलेले होते.

आणि एका अक्षरानं काय होतं, हे आमच्या पेठेला कुणी शिकवायला नको. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही आख्यायिका शनिवारवाड्याचीच, १७७३ सालची. आमच्या गच्चीतून त्या वाड्याचा बुरूज दिसतो. फरक एवढाच की तिथे अक्षर बदलल्यावर निदान काहीतरी घडलं. माझ्या दोन अक्षरांनी काहीच घडलं नाही.

दुसरी फेरी सुरू केली. ह्या वेळी 'एल' काढला, पत्ता तीनदा वाचला. चौथ्या रात्री जीलिबसी बांधून झाली. उरलं होतं तिला जागेवर नेऊन ठेवणं. मोडेमसाठी बांधलेली लायब्ररी ठेवायला लॅपटॉपवर एक वेगळा कोपरा असतो. 'इन्स्टॉल_रूट' म्हणून त्याचा पत्ता आज्ञेत द्यायचा असतो. घाईत मी तो द्यायला विसरलो. नुसतं 'मेक इन्स्टॉल' म्हणालो. परवानगी नाही असं उत्तर आलं, तेव्हा थांबून विचार करायला हवा होता. मी आज्ञेच्या आधी 'सुडो' लावलं. म्हणजे नोकर 'हे तुमच्याच पलंगावर ठेवू का' असं विचारतोय, आणि मी म्हणतोय, 'मालक मी आहे, ठेव!'

त्यानं ठेवलं. माझ्या लॅपटॉपची स्वतःची सी लायब्ररी ज्या नावानं ओळखली जायची, ते नाव आता मिप्सच्या लायब्ररीकडे बोट दाखवू लागलं. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ह्या एका लायब्ररीच्या खांद्यावर उभा असतो. ठेवणारा प्रोग्रॅमसुद्धा. त्यामुळे काम अर्ध्यावर थांबलं. मी काय झालं ते बघायला 'एलएस' टाईप केलं. उत्तर आलं की ह्या फाइलची मांडणी लिटल-एंडियन नाही. 'सीपी'? तेच. 'एमव्ही'? तेच. इतके दिवस मोडेमला माझी भाषा कळत नव्हती. आता माझ्या लॅपटॉपला स्वतःचीच कळेना.

फक्त उघडी असलेली एक खिडकी जिवंत होती, कारण तिनं जुनी लायब्ररी आधीच पोटात घेतली होती. 'सीडी' आणि 'इको' ह्या तिच्या अंगच्या आज्ञा तेवढ्या चालायच्या. 'इको' आणि एक तारा असं लिहिलं की फायलींची नावं दिसायची. दिसायची फक्त, हात लावता यायचा नाही. १८२८ ला शनिवारवाडा जळाला तेव्हा सात दिवस आग होती आणि उरले ते तट आणि दरवाजे. मी रात्रभर त्या एका दरवाज्यात बसून आतल्या दालनांची नावं वाचत होतो. पहाटे बॅटरी संपली.

मग लिनक्स पहिल्यापासून टाकली. डिस्क पुसली गेली. टूलचेन, टिपणं, सगळं गेलं. आठवड्यानं एका जाणत्या मित्रानं सांगितलं, की सीडीवरून मशीन चालू करून तो एक दुवा पुन्हा जुन्या लायब्ररीला जोडला असता, तर दोन मिनिटांत सगळं पूर्ववत झालं असतं. जीलिबसीबरोबर 'एसएलएन' नावाची एक छोटी आज्ञाही येते. ती कुणाच्या खांद्यावर उभी नसते. माझ्यासारख्यांसाठीच ठेवलेली असते. म्हणजे हा मूर्खपणा इतका सर्वमान्य आहे, की त्याचं औषध मूळ गठ्ठ्यातच घालून देतात.

एव्हाना पंधरा दिवसांचे चाळीस झाले होते. जिन्यात एक पाटी लागली. अक्षर सेक्रेटरींचं, आशय काकांचा: 'टाकी भरल्याचे कळवणारे यंत्र सध्या तयार होत आहे. तोपर्यंत टाकी भरल्याचे पाणी स्वतः येऊन कळवेल.' खाली तारीख नव्हती. पाटी कायमची असेल तरच तारीख घालत नाहीत.

तिसरी फेरी बिनचूक झाली. 'एल' नाही, पत्ता बरोबर, कोपरा बरोबर. प्रोग्रॅम मोडेमवर चढवला. एंटर.

'फेटल: कर्नल टू ओल्ड.'

ह्या वेळी भाषा कळली होती. तक्रार वयाची होती. लायब्ररी बांधताना मी कुठूनसं उतरवून घेतलं होतं, की गाभा अमुक आवृत्तीपेक्षा जुना नसावा. मोडेममधला गाभा २.४ चा, त्या अटीत न बसणारा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या बुरुजाच्या सावलीत बसलेल्या माणसाला एका मोडेमनं ऐकवलं की तुमच्याकडचं सामान फार जुनं आहे. मी लॅपटॉप बंद केला आणि झोपलो.

त्या रात्री दही लागलं नाही. झरोका गार होता. सकाळी पातेल्यात आंबूस पाणी आणि तळाशी गुठळ्या. घरचं विरजण संपलं. आईनं माझ्या हातात वाटी दिली. "तळमजल्यावरून घेऊन ये."

"आई, अगं, तिथे नको. काकांचा पेपर..."

"पेपर काका वाचतात. दही काकू लावतात. जा."

मी वाटी घेऊन दारात उभा राहिलो. काकूंनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. चमचाभर पुरला असता. त्यांनी अर्धी वाटी दिली. "हे तुमच्याच आईचं आहे हो," त्या म्हणाल्या. "वाड्यात असताना मी त्यांच्याकडून नेलं होतं. तेव्हापासून मोडलेलं नाही."

तिसरा मजला चढेपर्यंत माझा 'मुळापासून' बराच खाली राहिला होता. मुळापासून मी काय केलं होतं? पहिला कम्पायलर लॅपटॉपबरोबर आलेला. त्याच्या आधीचा कुणाचा, त्याच्याही आधीचा कुणाचा, हे विचारत गेलो तर पेठ संपेल, पण वाटी कुठून निघाली ते कळणार नाही. अख्ख्या जगात हे विरजण एकमेकांच्या दारातून फिरतंय, आणि मी एकटा दूध आटवत बसलो होतो, आपोआप दही होईल म्हणून.

दुपारी मी जुन्या गाभ्याला चालणारी, हलक्या लायब्ररीची एक तयार टूलचेन उतरवून घेतली. कुठल्यातरी देशातल्या अनोळखी माणसानं बांधून ठेवलेली. अठरा मिनिटं लागली. अकरा ओळी तिच्यातून काढल्या, मोडेमवर चढवल्या, एंटर दाबलं. पडद्यावर एकच ओळ उमटली: 'टाकी भरली.' रोमन लिपीत, पण उमटली. टाकीचा गोळा, तारा, घंटा, ह्यातलं काहीच अजून आणलेलं नव्हतं. इतक्या दिवसांत माझा पाण्याशी संबंधच आला नव्हता. तरी मी धावत सेक्रेटरींकडे गेलो.

त्यांच्या दारात पोचलो तेवढ्यात गच्चीवरून एका बाईचा खणखणीत आवाज आला: "पानी की टंकी भर गई है. कृपया मोटर बंद कीजिए."

"तपकीर गल्लीतून आणलं," सेक्रेटरी म्हणाले. "दीडशे रुपये. परवाच बसवलं. तुम्हाला सांगणार होतो, पण काकू म्हणाल्या, त्याच्या आईला दह्याची सोय आहे, आठ दिवस राहू दे."

टाकी वाहायची थांबली. प्रश्न सुटला, म्हणजे पेठेत आता दुसरा प्रश्न निघणं भागच होतं. रविवारी खास सभा भरली. काका उभे राहिले. अग्रलेख कोरडा असल्यामुळे आवाजाला धार होती.

"पाण्याचं ठीक झालं. पण शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्याच गच्चीवरून, रोज सकाळी सहाला आम्हाला हिंदीत हुकूम सोडणार? ह्या बाईला मराठी शिकवता येणार नाही का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरींनी इतिवृत्ताचं पेन उघडलं. "आणि खर्च?"

दोन महिन्यांत मी एवढं शिकलो होतो. मी म्हणालो, "बघतो."

घरी येऊन ते यंत्र उघडलं. आत एक बोटभर पट्टी, तिच्यावर काळ्या डांबराचा एक थेंब. थेंबाखाली कोणता प्रोसेसर आहे, तो कोणत्या टोकाकडून मोजतो, त्याला आवाज कुठून मिळतो, काहीच दिसत नव्हतं. कुणीतरी त्याला बोलायला शिकवलं होतं, म्हणजे त्याच्यासाठी कुठेतरी, कुणीतरी कम्पायलर बांधला असणारच. नसेल, तर बांधता येईल. मी टेबलावर जागा केली आणि लॅपटॉप चालू केला. पंखा घोंघावायला लागला.

आई स्वयंपाकघरातून आली. काही बोलली नाही. दुधाचं पातेलं झाकण घालून डाव्या झरोक्यापाशी ठेवलं आणि झोपायला गेली.